निळ्या पिंपातल्या शेंगापोळ्या

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सिद्धनाथला सगळे ‘अर्धा डोंगर’ म्हणत. टॉवेलच्या मागांवर त्याचा हात चांगला चालायचा, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण रजा काढून दोनदा हिमालयात गेला आणि दोन्ही वेळा शिखर न गाठताच परत आला, म्हणून हे नाव चिकटलं. डबा खाताना कुणी म्हणायचं, “अर्धीच भाकरी द्या त्याला, त्याला अर्ध्याचीच सवय हाय.” सिद्धनाथ सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. घरी मात्र त्यानं आईला, अंबुबाईला, सांगून टाकलं होतं, “औंदा वर जाऊन येतो. न्हाय जमलं तर पुन्ना डोंगराचं नाव काडणार न्हाय.”

आणि औंदा सोलापूरचं पथक हिमाचलातल्या बेस कॅम्पवर पोचलं, तर आभाळ उघडायला तयार नाही.

चांगल्या हवेची वाट बघणं म्हणजे काय, तर तंबूवरचा बर्फ झटकायचा, चहा प्यायचा आणि पुन्हा बर्फ झटकायचा. पत्ते खेळून खेळून बदामच्या राणीचा कोपरा फाटला होता आणि आता ती उलटी ठेवली तरी सगळे तिला ओळखत. बोलायचे विषय संपले की गाडी खाण्यावर यायची, आणि खाण्यावर आली की सगळ्यांच्या नजरा निळ्या पिंपाकडे वळायच्या.

त्या पिंपात शेंगापोळ्या होत्या. पथकाचे प्रमुख वीरभद्रप्पा, सोलापुरातले चादरींचे व्यापारी. त्यांच्या बायकोनं, गौरम्मांनी, दाण्याचं कूट आणि गूळ भरून त्या लाटल्या होत्या. शिखराकडे निघायच्या दिवशीच पिंप उघडायचं, असा वीरभद्रप्पांचा हुकूम होता. पिंपाला कुलूप आणि किल्ली त्यांच्या खिशात. माणूस भला, पण कुलपाच्या बाबतीत पक्का व्यापारी.

एका संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या तंबूत सांगितलं, “रॉकेल संपत आलंय. उद्या आवरू या. खाली जाऊ.”

सिद्धनाथच्या डोळ्यांपुढे सोलापूर उभं राहिलं. आई दिसली, डबा खाणारे दोस्त दिसले. आणि मग त्याला अवदसा आठवली.

सांगोल्याकडच्या त्याच्या गावी चुलता निंगप्पा दरवर्षी जत्रेत भाकणूक सांगायचा. घोंगडी पांघरून, अंगात आलं की पाऊसपाणी, बाजारभाव, सगळं देवाच्या तोंडानं सांगायचा. वीरभद्रप्पा ती ऐकायला न चुकता येत आणि मगच वर्षाचं सूत खरेदी करत. सिद्धनाथ गुपचूप बाहेर पडला. आईनं दिलेली घोंगडी अंगावर घेतली, स्वयंपाकातली हळद मूठभर कपाळाला फासली आणि थरथरत आत शिरला.

“ऐका हो ऐका! पांढरं घोंगडं फाटंल! सोमवारी आबाळ निवळंल, डोंगर वाट देईल! पर निळ्या पोटात गोड दडलंय, ते वाटल्याबिगर देव हालायचा न्हाय!”

पथकातल्या काव्यानं पटकन हात जोडले. ही शाळेत भूगोल शिकवायची. खालच्या कॅम्पवरून वॉकीटॉकीवर येणारे हवामानाचे निरोप घेण्याचं काम तिच्याकडे होतं. वीरभद्रप्पांनी सिद्धनाथला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि खिशातून किल्ली काढली.

त्या रात्री शेंगापोळ्यांवर आडवा हात मारला गेला. देव दमला होता, म्हणून देवानं जास्त खाल्ल्या.

सोमवारी पहाटे आभाळ खरंच निवळलं. सिद्धनाथला स्वतःलाच स्वतःची भीती वाटली. पण तेवढ्यात काव्याला निरोप आला की दुपारपासून वरच्या धारेवर जोराचा वारा सुटणार आहे.

“देवानं वाट दिलीय की,” वीरभद्रप्पा म्हणाले. “बांधा सामान.”

“निरोप काय, चुकतात पण,” काव्या म्हणाली आणि वॉकीटॉकी बंद करून बुटांना लोखंडी काटे बांधायला बसली. तोंडानं गुणगुणत होती.

शिखर समोर लख्ख दिसत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. सिद्धनाथनं काव्याच्या हाताकडे पाहिलं. आपल्या हळदीवर विश्वास ठेवून ही पोरगी वाऱ्यात निघाली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“थांबा अण्णा,” तो म्हणाला. “देव न्हवता त्यो. मीच हुतो.”

काव्याचे हात थांबले. वीरभद्रप्पा मात्र धाकट्या भावाशी बोलावं तसे म्हणाले, “ठाऊक हाय की, तम्मा. तुजा चुलता भाकणूक सांगताना पायात कदी काय घालतो व्हय? तू बूट घालून आलतास. बूट घालून कुटला देव येतो?”

“मग पोळ्या का वाटल्या?”

“मला पन परत जायचं नव्हतं. पर प्रमुखानं हट्ट कसा करायचा? तुज्या देवानं माजं काम केलं. आज मातर तू तोंड उगडतोस का, तेवडंच बगत हुतो. तू न्हाय बोलला असतास तरी तुमाला वाऱ्यात वर कोन सोडतंय?” त्यांनी हात पुढे केला. “आता दे ते बूट हिकडं आनि खरी भाकणूक सांग.”

सिद्धनाथ बर्फावर अनवाणी उभा राहिला. शिखराकडे एकदाच पाहिलं. “वारं येनार हाय,” तो म्हणाला. “आज कुनी वर जाऊ नगा. खाली चला.” आणि भडभडून रडला.

बूट परत घालायला गेला तर आत काहीतरी कुरकुरलं. कागदात गुंडाळलेली शेंगापोळी होती. अर्धीच.

“खऱ्या भाकणुकीचा निवद,” वीरभद्रप्पा म्हणाले. “उरलेली अर्दी पिंपात हाय, कुलपात. पुडच्या साली हितंच येऊन खायाची.”

“वर्सात दगड हुईल की तिचा!”

“होऊ दे. तू ये म्हंजे झालं.”

दुपारी उतरताना मागं वारा असा सुटला की वरच्या धारेवरचा बर्फ धुरासारखा उडताना दिसला. काव्या सिद्धनाथच्या पाठपिशवीचा पट्टा घट्ट धरून चालत राहिली.

एमआयडीसीत दोस्तांनी पुन्हा अर्धी भाकरी पुढं केली, आणि तो पुन्हा सगळ्यांत मोठ्यानं हसला. घरी अंबुबाई घोंगडी घडी घालून पेटीत टाकायला निघाली होती. पोरगं आता डोंगराचं नाव काढणार नाही, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

“पेटीत नगं, आये,” सिद्धनाथ म्हणाला. “खुटीवरच ऱ्हाऊ दे. पुडच्या साली लागनार हाय.”