संजीवकाच्या पंचांगातली फिलूरामावशी

फिलूरामावशी व्हिटकम पंचाहत्तरी उलटेपर्यंत एक दिवस अंथरुणाला टेकली नाही, आणि तरी तिच्या आजारपणाची हकिकत बोस्टनपासून थेट पॅसिफिकपर्यंत घरोघर वाचली जायची. अकरा महिने कूस बदलता येत नव्हती, चार डॉक्टरांनी हात टेकले, पाय सुजलेले, यकृत कामातून गेलेलं, डोळ्याला डोळा नाही. आणि मग डॉक्टर ओलिफंटच्या वनस्पती संजीवकाच्या सात बाटल्या घेतल्या, की बाई खडखडीत बरी. खाली नाव: मिसेस फिलूरा व्हिटकम, कॉबल हिल, व्हरमाँट. हे छापून आलं त्या सकाळी बाई आपल्या परसात ओंडके फोडत होती.

मी हल्डा. गावातलं दुकान आमचं, आणि टपालही दुकानातच. पोस्टमास्तर म्हणून पाटीवर नाव नवऱ्याचं आणि काम सगळं माझं, हे गावाला ठाऊक होतं आणि नवऱ्यालाही. टपाल सांभाळणाऱ्यानं लोकांच्या गोष्टी पोटात ठेवाव्यात म्हणतात. तीस वर्षं ठेवल्या. आता त्यातली बहुतेक माणसं टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन निजली आहेत, तेव्हा सांगते.

संजीवक सगळेच प्यायचे. सफरचंदाच्या आंबलेल्या रसालाही शिवणार नाही अशी देवासमोर शपथ घेतलेल्या बायका जेवणाआधी तीन-तीन चमचे घ्यायच्या आणि लालबुंद गाल घेऊन प्रार्थनेला यायच्या. त्यात काय होतं ते मला बूच काढल्याबरोबर वासानं कळायचं. पण मी विकत होते, म्हणून गप्प होते. बाटलीबरोबर कंपनीचं पंचांग फुकट. सूर्य कधी उगवणार, चंद्र कधी भरणार, वाटाणा कधी पेरायचा, आणि मधूनमधून बऱ्या झालेल्या माणसांची पत्रं. प्रत्येक स्वयंपाकघरात चुलीशेजारी खिळ्याला सुतळीनं लटकवलेलं असायचं. बायबल वर्षात एकदा उघडणारी माणसं पंचांग रोज उघडायची.

आता ऑर्पाचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापायीच झालं. ऑर्पा म्हणजे फिलूरामावशीची एकुलती एक मुलगी. रेल्वेचे रूळ टाकायला आलेल्या एका आयरिश माणसात तिचा जीव अडकला. कॉर्नेलियस टिअर्नी त्याचं नाव, माणूस कामसू, पण कॅथलिक, आणि आम्ही सगळे कट्टर प्रॉटेस्टंट. आमच्या गावात त्या काळी मुलीनं चोराशी लग्न केलं असतं तर लोकांनी निदान चोराच्या घराण्याची चौकशी केली असती. मायलेकी दोघी एका हाडाच्या, हट्टाला पेटल्या की ऐकायच्या नाहीत. “या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर मला पत्र पाठवू नकोस,” मावशी म्हणाली, “मी उघडायची नाही.” ऑर्पानं पाऊल टाकलं. दोघं पश्चिमेला गेली म्हणून ऐकलं. पश्चिम म्हणजे केवढी, ते कुणी विचारलं नाही.

दीड वर्षानं पत्र आलं. मी अक्षर ओळखलं, आणि वेडी मी, धावत मावशीपुढं केलं. दुकानात त्या वेळी पाच-सहा माणसं शेगडीभोवती बसली होती. मावशीनं पाकीट उलटं-सुलटं केलं, सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं, आणि शेगडीचं झाकण उचलून आत टाकलं. मग अर्धा शेर मीठ मागितलं. ती माणसं तिथं नसती ना, तर तिनं ते पत्र घरी नेलं असतं आणि दार लावून वाचलं असतं, हे मी आजही शपथेवर सांगते. पत्ता त्या पत्रात होता. टपालाचा शिक्का मी धड पाहिलासुद्धा नव्हता.

दुसरं पत्र आलं नाही. ऑर्पानं आईची आज्ञा तेवढी एकच पाळली. मावशी मात्र रोज दुकानात यायला लागली. कधी सुई, कधी चिमूटभर दालचिनी. जाताना दाराशी थांबून विचारायची, “माझं काही आहे का गं?” चिखलाच्या महिन्यात वाटेत गाड्या रुततात, तेव्हासुद्धा यायची. मी नाही म्हटलं की “बरं,” म्हणायची आणि शाल घट्ट ओढून चालू लागायची. पाच वर्षं.

मग एका सप्टेंबरात संजीवकाचा फिरता माणूस आला, टर्पिन नावाचा, पिवळ्या चाकांची गाडी आणि तोंडात साखर. आमच्याकडं बसून ॲपल-पाय खात होता आणि फुशारक्या मारत होता. “अहो, आमचं पंचांग जिथं रेल्वे पोचली नाही तिथं पोचतं. नेब्रास्कात मातीच्या घरात राहणारी माणसं आहेत, त्यांच्याकडं खिडकी नाही, पण भिंतीवर आमचं पंचांग आहे.”

मावशी दालचिनी घेत होती. ती थांबली. “त्यात नाव छापून यायला काय करावं लागतं?”

“आजारी पडावं लागतं,” टर्पिन हसून म्हणाला, “आणि मग बरं व्हावं लागतं. काय होत होतं तुम्हाला, मावशी?”

“काही नाही.”

“असं कसं चालेल? काहीतरी हवं ना.”

“मग तुम्हाला चालेल ते लिहा. नाव आणि गाव मात्र ठळक छापा. आणि बाई आता धडधाकट आहे, त्याच घरात राहते, सगळी कामं स्वतः करते, हे लिहा. ते खरं आहे.”

टर्पिननं खिशातून पेन्सिल काढली आणि मावशीच्या अंगात पाहता पाहता चार रोग भरले. ती सही करायला वाकली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो गेल्यावर मी तिला धरलं. म्हटलं, “एवढं करतेस तर सरळ छापून घे ना, ऑर्पा, घरी ये म्हणून. वर्तमानपत्रात जाहिराती येतात तशा.”

“चारचौघांत रडगाणं गाऊ?”

“आणि यकृताचं रडगाणं चालतं वाटतं?”

“ते खोटं आहे,” मावशी म्हणाली, “खोट्याची लाज वाटत नाही. नाव वाचलं की तिला कळेल.”

पंचांग आलं आणि गावाला वर्षभराची करमणूक मिळाली. मावशी खांद्यावर पिठाचं पोतं घेऊन निघाली की शेगडीजवळचे म्हातारे म्हणायचे, “जपून हो, कूस बदलू नका.” ती मान वर करून निघून जायची. पण चर्चला ते हसण्यावारी नेता येईना. आमच्या चर्चचे कारभारी, डीकन एझ्रा पेज, ज्यांच्या स्वतःच्या घरी महिन्याला चार बाटल्या जायच्या, त्यांनी तक्रार मांडली की व्हिटकमबाईंनी खोटी साक्ष दिली आहे. आमच्याकडं अशा वेळी माणसाला सगळ्या मंडळीसमोर उभं करतात. चूक कबूल करायची, शब्द मागं घ्यायचे, की प्रभुभोजनाला पुन्हा बसता येतं. साधी गोष्ट. कंपनीला एक ओळ लिहायची की पुढच्या पंचांगातून माझं नाव काढा.

मावशी उठून उभी राहिली. “नाव माझं आहे, गाव माझं आहे,” ती म्हणाली, “बाकीचं खोटं आहे. मी ते सांगितलं, आता लिहून घ्या. पण नाव काढणार नाही.”

“का, ते तरी सांगा,” डीकन म्हणाले.

ती गप्प राहिली. त्या भरल्या चर्चमध्ये मला कारण माहीत होतं आणि मीही गप्प राहिले, कारण तिनं माझ्याकडं एकदाच रोखून पाहिलं. तिला प्रभुभोजनातून काढलं. पुढची आठ वर्षं दर वेळी भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागला की ती आपल्या बाकावरून उठून बाहेर पायरीवर बसायची. थंडीतसुद्धा. सहा पिढ्या त्याच बाकावर बसत आलेल्या घराण्यातली बाई होती ती. तिला त्याचं काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही, कारण तिनं सांगितलं नाही. पण पायरीवर ती डोळे मिटून ओठ हलवत बसलेली मी पाहिली आहे.

आणि पत्रं यायला लागली. ऑर्पाचं नाही, आजारी माणसांची. पंचांगात ज्याचं नाव येतं त्याला लोक लिहितात, उत्तरासाठी तिकीट घालून. ओहायो, आयोवा, टेनेसी, कुठून कुठून. माझ्या बहिणीचे पाय असेच सुजलेत हो, खरंच सात बाटल्यांत उतरले का. मावशी पत्रं माझ्यासमोर उघडायची, आता जाळायची नाही. प्रत्येक पत्राला उत्तर. मी तिकिटं चिकटवायची म्हणून मला मजकूर पाठ झाला होता. मी कधी आजारी नव्हते, बाटलीवर विसंबू नका, चांगला डॉक्टर गाठा. आणि तुमच्या भागात ऑर्पा नावाची कुणी आहे का, टिअर्नी आडनावाची, उंच, डावखुरी, जिन्यात गाणं गुणगुणायची सवय आहे. असली तर तिला सांगू नका मी विचारलं म्हणून, फक्त ती बरी आहे का ते मला कळवा.

“सांगू नका कशाला?” मी एकदा चिडून म्हटलं.

“तिनं आपणहून यायला हवं,” मावशी म्हणाली. देवानं हा हट्ट कुठल्या दगडातून घडवला होता कोण जाणे.

उत्तरं यायची. आमच्याकडं नाही, शेजारच्या परगण्यात विचारून पाहते, देव तुमचं भलं करो. एका म्हाताऱ्यानं तर इलिनॉयमधली तीन चर्च पालथी घातली. अशी तीनशेच्या वर पत्रं झाली असतील. दर नव्या पत्राच्या वेळी मावशी आधी पाकिटावरचं अक्षर पाहायची, मग डोळे दुसरीकडं वळवायची, आणि मग उघडायची. मला ते बघवायचं नाही. मी मुद्दाम फडताळाकडं तोंड करायची.

वयाच्या शहात्तराव्या वर्षी तिला खरोखरच आजार आला. पोटात गाठ. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन मान हलवली. कंपनी दर वर्षी भेट म्हणून पाठवायची त्या संजीवकाच्या बाटल्या तिनं कधी उघडल्या नव्हत्या, परसातल्या रुबार्बच्या झाडाच्या मुळाशी ओतायची. शेवटच्या महिन्यात तिनं एक मागितली. मी चमच्यानं पाजली. तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “हे पिऊन डीकन प्रार्थनेला येतो होय? मग बरोबर आहे.” दोघी हसलो. मग ती म्हणाली, “हल्डा, मी गेले तर कंपनीला कळवू नकोस. नाव राहू दे. तिनं अजून पाहिलं नसेल.”

ती गेली, आणि मी कळवलं नाही. तीन पंचांगं तशीच छापली गेली. बाई धडधाकट आहे, त्याच घरात राहते.

तिसऱ्या वर्षी, गवत कापणीच्या दिवसांत, स्टेशनच्या गाडीतून एक उंच बाई उतरली, उन्हानं रापलेली, बरोबर दोन मुली. मी काउंटरमागून बाहेर आले. ती ऑर्पा होती. आपल्या आईच्याच चालीनं आत आली आणि मला मिठी मारली. “हल्डाताई, वाटेत घराला कुलूप दिसलं. आई कुठं गेलीय, शेतावर?”

मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. दुसरं काय करणार. ती ऐकून म्हणाली, “नाही. यंदाच्या पंचांगात आहे ती.”

“मी कंपनीला कळवलं नाही गं. तिनंच सांगितलं होतं.”

मुली तोंडाकडं पाहत होत्या. मग ऑर्पा अगदी हळू बोलायला लागली. “तिचं नाव पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हा मी मातीच्या घरात होते. रात्रंदिवस वाचत होते. आई मरता मरता वाचली आणि मला कळलंही नाही, म्हणून रडले. मग दर वर्षी पंचांग आलं की आधी ते पान. बरी आहे, कामं करते. म्हटलं चला, यंदा टोळांनी पीक खाल्लं, पुढच्या वर्षी जाऊ. मुलगी झाली, पुढच्या वर्षी जाऊ. आई तर धडधाकट आहे. हल्डाताई, मी ते पान उन्हात धरून वाचायची, त्यात माझ्यासाठी एखादा शब्द आहे का म्हणून. पाय होते, पाठ होती, यकृत होतं. मी नव्हते. मग वाटायचं, तिला अजून राग आहे. कशाला जायचं.”

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. टर्पिन, चर्चची पायरी, तीनशे पत्रं, इलिनॉयचा म्हातारा. उंच, डावखुरी, जिन्यात गुणगुणते, हेही सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

“म्हणजे टेनेसीतल्या परक्या बाईला तिनं विचारलं, ऑर्पा बरी आहे का?”

“हो.”

“आयोवात विचारलं.”

“हो गं.”

“सगळ्यांना विचारलं,” ऑर्पा म्हणाली, “मला सोडून.”

मला त्या क्षणी फिलूरामावशीचा असा राग आला, जिवंत असती तर तिला खांदे धरून गदागदा हलवलं असतं. आणि तिची आठवणही तेवढीच आली, ती आत येऊन दालचिनी मागेल म्हणून मी दाराकडं पाहिलं. ऑर्पाचा हात हातात घेतला. मग मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि तिला आणि मुलींना टेकडीवर मावशीकडं घेऊन गेले.