लेम्पीच्या चेहऱ्यावरचे डाग

थंडर बेजवळच्या सरोवरकाठच्या एका गावात औषधांच्या दुकानामागे एक खोली होती. तिथे आउने लेहतोवारा रंगीत फिल्म धुवायची. काम नवऱ्याने शिकवलेलं. तो गेल्यावरही तिने ते सोडलं नाही. गावातली लग्नं, बारशी, मिरवून धरलेले मोठाले मासे, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं.

त्या हिवाळ्यात निगेटिव्हवर डाग दिसू लागले. बारीक, गोल, काचेसारखे पारदर्शक.

"पाण्याचा दोष असेल," काउंटर सांभाळणारी व्हर्ना म्हणाली. "सरोवर गोठलं की नळालाही बुद्धी राहत नाही."

आउनेने नळाला नवी गाळणी लावली. जुनी रसायनं ओतून ताजी कालवली. वाळवणीचं कपाट पुसलं, धूळ नको म्हणून कुत्र्यालाही घरी ठेवू लागली. डाग काही हटेनात.

अशातच तोइवो राउतिओ आला. त्याची बायको लेम्पी थंडी पडायच्या सुमारास वारली होती. कॅमेऱ्यात राहिलेली तिची फिल्म त्याने काउंटरवर ठेवली.

"सध्या माझ्याकडे डाग पडतायत, तोइवो. ही शहरात पाठव."

"शहरातल्यांना लेम्पी कोण ते काय ठाऊक? तूच कर."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण लेम्पी तिची शाळेपासूनची मैत्रीण. फिल्म तिने ठेवून घेतली.

वाळलेली पट्टी तिने उजेडावर धरली. वाफेच्या न्हाणीघराच्या, साउनाच्या पायरीवर लेम्पी बसली होती, केस ओले, तोंडभर हसत. आणि गालापासून डोळ्यापर्यंत डागांची रांग. आउनेने पट्टी पुन्हा धुतली. पाण्याचे डाग असते तर निघाले असते. हे फिल्ममध्येच होते. हवेचे बुडबुडे चिकटून राहिले होते आणि तेवढ्या जागी रसायन पोचलंच नव्हतं. बुडबुडे सुटावेत म्हणून रसायन ओतल्याबरोबर फिल्मचा डबा टेबलावर आपटायचा असतो.

"तू हल्ली आपटतच नाहीस," व्हर्ना दारातून म्हणाली. "पूर्वी बाहेर बाटल्या थरथरायच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, नवी पद्धत असेल."

आउनेने बोटांकडे पाहिलं. सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. दुखू नये म्हणून ती झोपलेलं पोर ठेवावं तसा डबा हळूच ठेवत होती, आणि हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. निगेटिव्हवरचे असले डाग बारीक कुंचल्याने रंगवून बुजवता येतात. तिने कुंचला उचलला. टोक घसरून लेम्पीच्या ओठांवर गेलं. तिने तो खाली ठेवला.

तोइवो आला तेव्हा तिने फोटो समोर ठेवला. चेहऱ्यावर काळे ठिपके होते.

"हे माझ्या हातून झालंय. फिल्ममध्ये काही खोट नव्हती."

तोइवोने अंगठ्याने फोटोतला गाल पुसून पाहिला.

"जाणार नाहीत?"

"नाही. शहरात कोणी थोडे बुजवील. डोळ्यावरचे कोणालाच बुजवता येणार नाहीत."

"मीच हटून बसलो, तूच कर म्हणून," एवढंच तो बोलला आणि फोटो कोटाच्या आत घालून निघून गेला. पुन्हा त्या दुकानात तो आला नाही. त्याची औषधं शेजारीण नेऊन द्यायची.

आउनेने डबे विकून टाकले. गावाच्या फिल्म आता बसने शहरात जातात. परत आलेली पाकिटं ती नावं वाचून लोकांच्या हातात ठेवते, उघडून बघत नाही.