खिशातली शिट्टी

आईला घेऊन मी दर मंगळवारी ठाण्याच्या कॅन्सर ओपीडीत जायचो. शेजारच्या खुर्चीत एक काका असायचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचे वॉचमन. दार उघडलं की सवयीने अर्धवट उठायचे, येणाऱ्याचा चेहरा निरखायचे, मग बसायचे.

एकदा विचारलं, "काका, काय झालंय?"

"अंगात काही टी पेशी असतात म्हणे, वेगळ्या जातीच्या. ओळखपाळख विचारत न बसता रोगावर पहिल्या तुटून पडतात. आमच्यासारख्या, गेटवरच्याच. त्यांचाच कॅन्सर झालाय. लिव्हर भरलंय त्यांनी."

मग खिशातली शिट्टी चाचपत म्हणाले, "चोर बाहेरचा असता तर वाजवली तरी असती."

गेल्या मंगळवारी दार सारखं उघडत होतं. शेजारच्या खुर्चीतले काका उठलेच नाहीत. दर वेळी मीच मान वर करून बघत होतो, कोण आलंय ते.