करंगळी राहिली

आई गेल्यावर दीड वर्षाने माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात घुसलं. तोच पाय, तोच अंगठा, कोपराही तोच. शेवटची दोन वर्षं आई ज्या पायाने लंगडत होती, तो हाच. दुखणं मी सहन केलं असतं. पण आईची नखं कापणारा हात माझा होता, माझीही मीच कापत होतो, आणि हे लक्षात आल्यापासून मला स्वस्थ बसवेना. खोपटला पायांचा एक दवाखाना आहे, तिथे नखासाठी चाललोय, असं बहिणीला सांगितलं. खरं म्हणजे मला तिथे एक प्रश्न विचारायचा होता. आईचं चालणं मी बंद केलं का?

आम्ही कळव्याला राहायचो, दोघंच. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं आता सांगण्यात अर्थ नाही आणि कुणी विचारतही नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंगमधली एखादी रेघ जाड आली तरी मला जेवण जात नसे. तसा मी खडूस माणूस. ऑफिसातली पोरं माझ्यामागे काय म्हणतात ते मला ठाऊक होतं आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. घरीही माझं बोलणं मोजकंच. सकाळी ‘चहा ठेव’, संध्याकाळी ‘आलो’, आणि जेवताना टीव्हीवरच्या बातम्या.

आईला वाकता येईनासं झालं तेव्हा तिच्या पायाची नखं कापायचं काम माझ्याकडे आलं. तिचे नियम होते. शनिवारी नाही, दिवेलागणीनंतर नाही. रविवारी सकाळी, तेही आंघोळीच्या आधी, म्हणजे नखं अगदी कडक असताना. खाली वर्तमानपत्र हवं आणि एकही नख फरशीवर सांडता कामा नये. ती गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसायची, मी समोर पाटावर, तिचा पाय माझ्या मांडीवर. मी काम करायचो मन लावून. नख छान गोल आलं पाहिजे, बोटाच्या आकारात. कोपरे तर अगदी आत जाऊन काढायचो. कोपरा राहिला की तो चादरीत अडकतो, असं माझं म्हणणं. झालं की नखावरून बोट फिरवून बघायचो. कुठे काही टोचायचं नाही आणि मी स्वतःवर खूश.

तेवढ्या वेळात आई बोलायची. खडवलीचं माहेर, नदीवर धुणं घेऊन जाणाऱ्या बायका, एक म्हैस पाण्यात बसली ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही ती गोष्ट. म्हशीची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. मी मान खाली घालून ‘हं’ म्हणायचो. सगळं आवरलं, कागदाची पुडी केली, की ती दर वेळी म्हणायची, “करंगळी राहिली रे.”

“कापलीये, आई.”

“बघ तरी जरा.”

“झालंय म्हटलं ना. ऊठ आता.”

एका रविवारी तिने पाय मागे ओढला. म्हणाली, “दुखतंय रे तिथे.” मी म्हणालो, “नखरे नको करू. हलू नकोस, नाहीतर खरंच लागेल.” ती हलली नाही. त्यानंतरच्या कुठल्याच रविवारी हलली नाही.

पुढे तिच्या अंगठ्याला हळद लावलेली दिसायची. विचारलं तर ठेच लागली म्हणायची. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बायकांमध्ये जाऊन बसणं हा तिचा मोठा विरंगुळा होता, तो हळूहळू सुटला. खिडकीतून त्यांना बघत बसायची. मी म्हणालो, वय झालं, दुसरं काय. माझी बहीण डोंबिवलीला असते. ती भाऊबीजेला आली तेव्हा तिने आईचा पाय पाहिला आणि म्हणाली, “आण, मी कापते नीट.” आईने पाय साडीखाली घेतला. “नको गं. माझी नखं तोच कापतो.” मला काय अभिमान वाटला तेव्हा!

आई गेली ती न्यूमोनियाने. पायाचा त्यात काही संबंध नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झालेला आतल्या खोलीत कळायचा. मी स्वतःची नखं रविवारीच कापत राहिलो, त्याच पाटावर बसून, तशीच गोल. मग अंगठा ठणकायला लागला. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून झाला, हळद झाली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी नुसतं लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, नख उपटून टाकू. मी तिथून काढता पाय घेतला. शेवटी बहिणीनेच खोपटचा दवाखाना शोधून दिला. पायाचा वेगळा दवाखाना असतो हे साठी आली तरी मला माहीत नव्हतं.

बूट घालवत नव्हता म्हणून चपलेवर, रिक्षाने खाडीपूल ओलांडून गेलो. दवाखान्यात चपला बाहेर काढायच्या होत्या, त्यामुळे सगळे अनवाणी बसलेले आणि सगळ्यांसोबत कुणी ना कुणी. एका बाईंनी नवऱ्याचे मोजे घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवले होते. माझ्या हातात फॉर्म आला. ‘सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव’ या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली. रेघ मात्र सरळ आली.

डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. माझ्यासमोर बुटक्या स्टुलावर बसल्या, हातमोजे घातले आणि माझा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला. मला कसंतरीच झालं. दीड वर्षात न्हाव्याखेरीज मला कुणाचा हात लागला नव्हता.

“डोळे मिटा, काका. स्पर्श कळतो का बघायला मी तळपायाला दोरा लावते. कळलं की ‘हो’ म्हणा.”

मी हो, हो म्हणत गेलो. एकदा त्यांनी दोरा लावलाच नव्हता, तरी हो म्हणालो. त्या हसल्या.

मग कोमट पाण्यात पाय ठेवला, नख मऊ झाल्यावर त्यांनी एका बारीक चिमट्याने कोपरा हळूच उचलला आणि आतून नखाचा एक काटा काढून मला दाखवला. तांदळाच्या कणीएवढा असेल. इतक्याशा गोष्टीसाठी मी महिनाभर कण्हत होतो.

“नखं कोण कापतं, काका?”

“मीच.”

“असे कोपरे आत जाऊन कापायचे नाहीत. नख सरळ कापायचं. आत जाऊन कापलं की कोपऱ्याचा असा काटा आत राहतो आणि वाढताना मांसात शिरतो.”

मी तेव्हाच विचारलं. आईचा अंगठा, ती सूज, हळद, खिडकी, सगळं सांगितलं. म्हणालो, “हे मी केलं का?”

“अहो काका, किती जण असंच कापतात. तुम्ही प्रेमानेच केलंत ना?”

मला राग आला. “मला समजूत नकोय, उत्तर हवंय.”

त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. “हो,” त्या म्हणाल्या. “बहुतेक त्यानेच झालं असणार.”

मी मान हलवली. उत्तर मला ठाऊकच होतं. आईची दोन वर्षं त्या खिडकीत गेली, आणि मी तिथे पाटावर बसून स्वतःचं कौतुक करत होतो.

“त्यांची किती दिवसांनी कापायचात?” त्यांनी विचारलं.

“दर रविवारी.”

“दर रविवारी?” त्यांनी वर पाहिलं. “त्या वयात पायाची नखं आठवड्यात कितीशी वाढणार? महिन्याने कापली तरी पुष्कळ. आणि त्यांना दुखत होतं, तर त्या दर रविवारी पाय पुढे कशाला करायच्या?”

 

त्या पुन्हा कामाला लागल्या. कोपऱ्याखाली कापसाची वात सरकवली, मग एकेक बोट धरून उरलेली नखं सरळ कापून दिली. कापता कापता विचारत होत्या, कळव्याला कुठे राहता, पाणी येतं का नीट, जेवणाचं काय करता. मी बोलत सुटलो. कारखान्याचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. त्या मान खाली घालून ‘हं’ म्हणत होत्या. अंगठा ठणकत होता आणि मी मनातल्या मनात बोटं मोजत होतो. आता चार राहिली. आता दोन.

“झालं, काका,” त्या म्हणाल्या आणि हातमोजे काढायला लागल्या. “आता परत यायची गरज पडणार नाही.”

माझा पाय अजून त्यांच्या मांडीवर होता. तो मी उचलला नाही.

“करंगळी राहिली वाटतं,” मी म्हणालो.

“कापली की मघाशीच.”

“बघा तरी जरा.”

शब्द तोंडातून निघाले आणि मला गॅलरीचं दार दिसलं, खुर्ची दिसली. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता दिवा जवळ ओढला, करंगळी दोन बोटांत धरली आणि नीट, सावकाश, सगळ्या बाजूंनी पाहिली.

मी आईची एकदाही पाहिली नव्हती.