भेवमामाची रेघ

ज्या दांड्याला धरून तुम्ही रोज कामावर जाता, तो दांडा कोणी बसवला, कोणत्या हाताने कसला, हे तुम्ही एकदा तरी विचारलं आहे का?

आम्हीही विचारत नव्हतो. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. रिसाली त्या वेळी खेडं होतं आणि त्याच्या कडेला ठेकेदाराच्या मजुरांची झोपडवस्ती. रोज सकाळी आम्हा बायकांना ट्रकमध्ये उभं करून नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीकडे नेत. तिकडे रस्ता घालायचं काम चालू होतं. ट्रक माल वाहायचे, माणसांसाठी बनलेले नव्हतेच. म्हणून हौद्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपाचे दांडे बसवलेले, वर ताडपत्रीच्या कमानी, मागे चढायला शिडी. हे सगळं बोल्टांवर उभं. आणि ते बोल्ट कसणारा फिटर म्हणजे भेवमामा.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वेळी पुकारलं जाई तेवढंच. एरवी सगळी वस्ती त्याला भेवमामा म्हणायची, कारण 'मले भेव वाटते' हे वाक्य त्याच्या तोंडी चहाच्या घोटासारखं सारखं असायचं. ट्रक सुरू झाला की भेव. ट्रक परत यायला उशीर झाला की भेव. वेळेत परत आला तर म्हणायचा, "एवढ्या लवकर कसा आला बाप्पा? हाकलला असंन." वर्धेकडचा माणूस, अंगाने वाळका, कानावर विडी, आणि डाव्या हाताची करंगळी कायम पांढरी. त्या करंगळीचं पुढे सांगते.

मला त्याचा राग यायचा. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा नागपूरला गेले की पिशवीभर चळवळीची पत्रकं आणायचे. गुलाबी कागदावरची, पिवळ्या कागदावरची, शाई हाताला लागणारी. अक्षरओळख मला त्यांतूनच झाली. प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे लिहिलेलं असायचंच : भिऊ नका, उठा. आणि इथे हा म्हातारा रोज सकाळी आम्हाला मूठमूठ भीती वाटत बसायचा. एकदा मी त्याला तोंडावर म्हटलं, "मामा, तुमच्यासारख्या भित्र्या माणसांमुळेच मुकादम आमच्या डोक्यावर बसून राहिला."

तो चिडला नाही. पाना पुसत म्हणाला, "मुकादमाचंबी भेव वाटते मले. पण बोल्टाचं जास्त वाटते. मुकादम वरडते तरी."

बोल्ट कसण्याची त्याची तऱ्हा वेगळी होती. गॅरेजातली बाकीची मंडळी पान्याच्या दांडीत लांब पाइप घालायची आणि अंगातला सगळा जोर लावायची. बोल्ट 'कर्र' करून बोलला की खूश. जवळच्या बोरसी गावचा एक पैलवान होता, तो तर पाइपावर उभा राहून उड्या मारायचा आणि म्हणायचा, "अब इसको हाथी भी नहीं हिला सकता." गॅरेजात त्याचं कौतुक व्हायचं. भेवमामा पाइपाला हात लावायचा नाही. त्याच्याकडे रशियन लोकांनी आणलेला एक पाना होता. त्याच्यावर काटा, काट्याखाली आकडे. किती जोर पडला ते काटा दाखवायचा. तो आधी सगळे बोल्ट हलके बसवायचा, मग समोरासमोरचे थोडे थोडे कसायचा आणि काटा ठरल्या जागी आला की हात उचलायचा. त्यापुढे केसभर नाही.

माझी आईही त्याच ट्रकने कामावर यायची; तिने त्याला एकदा विचारलं, "भाऊ, अजून एक हिसका देल्ला त काय बिघडते? घट्टच होईन ना?"

"बाई, पोरीची वेणी घालता ना तुमी? पीळ बसला त केस धरते. लय ओढलं त केस मुळातून येते. बोल्टाचंबी तसंच हाय. थोडा ताणला त थो धरते. लय ताणला त त्याच्यातला जीव जाते, अन् वरून दिसत नाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ढिला बोल्ट बोलते. खडखड करते, सांगते, मी सुटून राहिलो. लय कसलेला मुका असते. मुक्याचं भेव वाटते मले."

त्याला हे कोणी शिकवलं, ते त्याने एकदाच सांगितलं, तेही अर्धं. आधी तो एका धरणाच्या कामावर होता. तेव्हा त्याच्याही पान्याला पाइप असायचा, त्यालाही शाबासकी मिळायची. एका ट्रकच्या फाळक्याचे, मागच्या उघडत्या फळीचे, बोल्ट त्याने असेच जोरात कसले होते. फाळक्याला टेकून बायका बसल्या होत्या. एवढं सांगून तो थांबला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तवापासून पाइप नाई लावत." तो उठला आणि नळावर जाऊन बराच वेळ हात धूत बसला.

आता करंगळीचं. बोल्ट कसून झाला की तो तंबाखूच्या डबीतला चुना करंगळीवर घ्यायचा आणि नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक बारीक पांढरी रेघ ओढायचा. नट हलला तर रेघ तुटणार. रोज सकाळी आम्ही चढण्याआधी तो ट्रकभोवती फिरून एकेक रेघ बघायचा, पुसट झाली असली तर पुन्हा ओढायचा. हळूहळू बायकांनाही सवय लागली. चढताना आपल्या जागेजवळच्या रेघेवर नजर टाकायची, अख्खी असली की पाय शिडीवर. काहीजणी तिला हात लावून कपाळाला लावायच्या. दुकालहीन नावाची छत्तीसगढी बाई होती, तिने तर एकदा रेघेला फूल खोचलं. भेवमामाने ते काढून टाकलं. "देव नोका करू त्याले. पायत जा, बस."

त्याचं ऐकलं कोणी? आम्ही देवच केला होता.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला भेवमामाला तापाने धरलं. तो झोपडीत पडून असतानाच आमच्यासाठी नवा ट्रक आला. हौदा उघडा, दांडे बसवायचे बाकी. खाणीवरचं काम मागे पडलं होतं आणि मुकादम घायकुतीला आला होता. काटेवाला पाना भेवमामाच्या पेटीत कुलपात. पैलवान म्हणाला, मी बसवतो. त्याने एका दुपारीत सगळे दांडे बसवले, पाइप लावून, उड्या मारून. मनाने वाईट नव्हता तो. बायका रेघ बघितल्याशिवाय चढत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने चुना कालवला आणि प्रत्येक नटावर रेघही ओढली. छान ठसठशीत, चांगली बोटभर जाड.

सकाळी आम्ही रेघा बघितल्या. सगळ्या अख्ख्या. आम्ही चढलो.

आईची जागा ठरलेली, मागच्या कोपऱ्यात, फाळक्याजवळ. उलट्या होत म्हणून ती वाऱ्याच्या तोंडाला उभी राहायची. मी तिच्या शेजारी. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं तेवढ्यात घोंगडी पांघरलेला भेवमामा वस्तीच्या गल्लीतून येताना दिसला. चालताना झोकांड्या जात होत्या. दांडे बघायला आला होता, नुसते बघायला. त्याने कोपऱ्यातल्या नटाकडे पाहिलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. त्याचा चेहरा उतरत गेलेला मला वरून दिसला. नंतर मी पुष्कळ भीती पाहिली, मोर्च्यात, पोलिसांसमोर, पण असा चेहरा पुन्हा पाहिला नाही.

"ही रेघ माही नाई," तो म्हणाला. "उतरा व बायाहो. उतरा खाली."

कोणी हललं नाही. मुकादम हसत आला. "क्या हुआ चाचा? बुखार दिमाग में चढ़ गया क्या? रेघ तो सलामत है."

"साहेब, नट ढिला झाला त रेघ तुटते. लय कसला त रेघेले काय समजते? पाइप लावला याले. म्या वयखतो."

"टाइट किया है, ढीला नहीं किया. ड्रायव्हर, चलो!"

भेवमामाला तापही होता आणि मुकादमाचं भेवही. तरी त्याने घोंगडी टाकली, कमरेचा पाना काढला आणि आईच्या पायाजवळचा एक बोल्ट सोडवून हातात घेतला. खिशातून नवा कोरा नट काढून तो त्या बोल्टावर बोटांनी फिरवू लागला. नट सरसर फिरत आला आणि मधेच अडकला. त्याने जोर केला, तरी पुढे जाईना. त्याने दोन्ही वर आईच्या हातात दिलं.

"बाई, तुमी फिरवून पाहा. इथं आटे ताणले. बोल्ट लांबला. धरणार नाई थो."

आईने फिरवलं. अडकलं. तिने शेजारणीला दिलं, तिने दुकालहीनला. "ये तो अटकत हे वो," दुकालहीन पुटपुटली. बोल्ट हातोहात पुढे गेला आणि परत आला. इंजिन धडधडत होतं आणि त्या धडधडीने माझ्या हाताखालचा दांडा थरथरत होता. काल असाच दांडा धरून मी मनात भाषणं रचली असती. आज तो सोडावा की धरावा, मला कळेना.

"जो उतरेगी उसकी हाजरी गई," मुकादम ओरडला. "और कल से आने की जरूरत नहीं."

आई उतरली. लुगडं सावरून, शिडीच्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली जाऊन भेवमामाशेजारी उभी राहिली. आणि मग काहीच झालं नाही. ती दोघं खाली, आम्ही सगळ्या वर. मुकादम आईकडे बघत होता. आई वर आमच्याकडे. 'भिऊ नका' असं ज्यांत छापलेलं असतं त्या सगळ्या पत्रकांपैकी एकातही हे लिहिलेलं नव्हतं, की पहिलं माणूस उतरल्यावर आणि दुसरं उतरण्याआधी एक जागा असते, ती अशी असते.

दुसरी उतरली ती दुकालहीन. "मोर लइका नान्हे हे, मैं नइ मरंव," पोरं लहान आहेत, मी मरणार नाही, असं म्हणाली आणि शिडी न वापरता चाकावरून खाली आली. मग मी. मग सगळ्या, एकदम, धडाधड.

मुकादमाने रागाने ट्रक तसाच सोडला, फावडी-घमेली भरून, माणसांशिवाय. संध्याकाळी तो धडधाकट परत आला. "देखा? कुछ हुआ?" मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. भेवमामाला त्याने तिथल्या तिथे कामावरून काढलं. आम्हाला मात्र काढता आलं नाही. एवढ्या बाया एकदम कुठून आणणार होता?

काटेवाला पाना परत देण्याआधी भेवमामा ट्रककडे गेला. पैलवान त्याच्या मागे मागे, तोंड पाडून. "मामा, मैंने तो अच्छे के लिए कसा था."

"म्याबी चांगल्यासाठीच कसला होता बापू," भेवमामा म्हणाला. धरणावरच्या फाळक्याबद्दल तो एवढंच पुढचं बोलला. "ये. सोडव एकेक. हळू."

दिवस मावळत होता. आई आणि मी पाणी घेऊन तिथे उभ्या होतो. पैलवान एकेक बोल्ट सोडवत मागच्या कोपऱ्यापर्यंत आला, आईच्या जागेपर्यंत. सकाळी काढलेल्या बोल्टाच्या शेजारचा बोल्ट. त्याने पाना लावला, जरासा दाब दिला, आणि बोल्टाचं डोकं त्याच्या तळहातावर येऊन पडलं. पिकलेलं बोर पडावं तसं. आवाजही झाला नाही. वरची रेघ अजून अख्खी होती.

पैलवान मटकन खाली बसला. त्याने आईकडे पाहिलं, मग त्या कोपऱ्याकडे, आणि पाणी मागितलं. भेवमामा त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसला. म्हणाला, "भेव वाटलं ना? ठेव जपून. जाऊ नको देऊ."

सगळे दांडे त्या दोघांनी नव्या बोल्टांवर पुन्हा बसवले. पाना पैलवानाच्या हातात, आणि भेवमामा काट्याकडे बोट करून सांगायचा, "बस. आता बस." रेघा मात्र त्याने स्वतःच ओढल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच ट्रकने तो दुर्ग स्टेशनला गेला. ओडिशाकडे कुठेतरी काम मिळेल म्हणत होता. ड्रायव्हरने केबिनमध्ये बसायला सांगितलं तरी तो मागे उभा राहिला, आईच्या कोपऱ्यात, एक हात दांड्यावर आणि एक छातीवर. त्यानंतर तो दिसला नाही. त्याचं काय झालं ते मला माहीत नाही. कधीकधी वाटतं, कुठल्या तरी वस्तीत बायका ट्रकमध्ये चढत असतील आणि कोणी वाळका माणूस सगळ्यांना वैताग आणत चाकांभोवती फिरत असेल. असाच असू दे.

ताणलेला तो बोल्ट आणि त्यावर अडकलेला नट आजही माझ्या टेबलावर आहे. हल्ली पत्रकं मीच लिहिते. 'भिऊ नका' हे शब्द लिहायला गेले की मी आधी तो नट फिरवून बघते, आणि शब्द खोडून टाकते.

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या सकाळी चढण्याआधी रेघ अख्खी आहे एवढंच बघू नका, ती कोणी ओढली हे विचारा. विचारल्यावर कोणी हसेल, कोणी हजेरीची धमकी देईल, आणि तुमच्यातली एखादी बाई न बोलता खाली उतरून एकटी उभी राहील. तिला फार वेळ उभं ठेवू नका. दुसरे तुम्ही उतरा.