नंबर न देणारे आबा

आमचे आबा कुणाला कुणाचा नंबर द्यायचे नाहीत.

कितीही विनवलं तरी नाही!

सासरे माझे. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

आमच्या कुंडल गावात पीक निघून रान मोकळं झालं की खतासाठी त्यात मेंढरं बसवतात. मेंढरंवाले येणार पार आटपाडीकडून. कुणाचा कळप कुणाच्या रानात, हे आमच्या ओट्यावर ठरायचं. शेतकरी आबांना विचारणार, मेंढरंवालेही आबांनाच विचारणार.

आणि चहा कोण करणार? मी!

एकदा वैतागून म्हटलं, "आबा, व्हॉट्सॲप ग्रुप काढून देते. आपापसात बोलतील की."

"काढशील गं. मग माझ्या दारात कोण येईल?"

आबा मिलिटरीत टेलिफोन एक्सचेंजवर होते. सासूबाई गेल्यावर गप्पच झाले होते. माणसं आली की तेवढे खुलायचे. मी पुन्हा ग्रुपचं नाव काढलं नाही.

मग आबांनी अंथरूण धरलं. फोन कानाला धरवेना. तिकडं मेंढरंवाले बिरूदादा कळप घेऊन निम्म्या वाटेत, आणि रान ठरलेलं नाही. एवढी मेंढरं घेऊन माणसानं थांबायचं कुठं?

आबांनी शेजारच्या संपतरावांना बोलावलं. स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला.

"बिरूशी तुमीच बोला आता. नंबर घिऊन ठेवा."

"आवं आबा, तुमी हाय की!"

"हाय तवरच बोला."

मग एकेकाला बोलावून सगळ्यांची अशीच गाठ घालून दिली.

मला म्हणाले, "आता च्या कमी लागंल बघ तुला."

हसले, पण डोळे भरले होते. मला लय वाईट वाटलं.

मेंढरं संपतरावांच्या रानात बसली. त्या दिवशी आबांना कुणाचा फोन नाही. दिवसभर दाराकडं बघत पडून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूदादा दारात. मागं संपतराव.

आबा धडपडत उठायला लागले. "काय अडलं रं? रान ठरलं न्हवं?"

"ठरलं की. अडलं काय न्हाई," बिरूदादा खाली बसत म्हणाले. "च्या प्यायला आलोय."

"सूनबाई! च्या टाक गं! आलं घाल!"

एवढा खणखणीत आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

यंदा सगळ्यांनी आपापसात ठरवलं. आमच्याकडं कुणाचं काहीच काम नव्हतं.

तरी आज सकाळपासून ओट्यावर बसायला जागा नाही.

आबा, मोठं पातेलं काढलंय. तुम्ही निवांत राहा.