बापूची बाई आणि सुभेदारांचं कांबळं

आमच्या कट्ट्यावर किस्से कुणी गोळा करत नाही. पानाच्या पिचकाऱ्यांसारखे ते भिंतीवर आपोआप साचतात, आणि पुसायला कुणी येत नाही. कट्टा म्हणजे कराडात बापू पेंटरच्या दुकानापुढची पायरी. बापू दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांमागचे मोर रंगवायचा. फ्लेक्स आले, ते काम गेलं. राहिली ती दिवाळीची बाई! पहिल्या अंघोळीला प्लायवूडवर एक ठसकेबाज बाई रंगवून तो दारात उभी करायचा. हातात फुलबाजी, पदर वाऱ्यावर. आम्ही सगळे तिचे फॅन. आधी तिचं दर्शन, मग फराळ!

*

पहिल्याच वर्षी पदर जरा जास्तच वाऱ्यावर गेला. मिलिटरीतनं रिटायर झालेले सुभेदार आले, बघितलं, तडक घरी जाऊन आपलं कांबळं आणलं आणि बाईवर टाकलं.

"एवढ्या थंडीत बाईमाणसाला उघड्यावर उभी केलीयास? माणूस हायस का कोण रं?"

झालं! दुपारपर्यंत रांग लागली. जो तो कांबळं वर करून आत डोकावतोय! संध्याकाळी बघतो तर रांगेत सुभेदार.

"कांबळं माझं हाय," म्हणाले. "तपासायला नको?"

*

बापूची बायको, शालनवहिनी, चित्राकडं कधी बघायची नाही. पाठ करून चकल्या वाटायची. एकदा मी मुद्दाम डिवचलं, "वहिनी, यंदाची कशी वाटली?"

"इतक्या काढल्या ह्यांनी, एक तरी माझ्यासारखी काढली का?"

बापू ब्रश धूत म्हणाला, "तू एका जागी उभी तरी ऱ्हातीस का?"

*

साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते ते आमच्या कट्ट्यावरचे नाना. त्यांची एक दिवाळी हॉस्पिटलातच गेली, नाकात नळी. मी मोबाईलवर बाई दाखवली. नानांनी बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता रडतात.

"नथ उजव्या नाकपुडीत घातलीया गाढवानं!"

पाडव्याला नाना गेले. इकडं तिरडी बांधायला घेतली आणि बापू गायब! शोधत दुकानात गेलो, तर हा पठ्ठ्या नथ खोडून डावीकडं काढतोय.

"अरे, नाना गेले. आता कोण बघणाराय?"

"चूक तशीच ठेवून खांदा कसा देऊ रं?"

स्मशानात त्याच्या बोटाला सोनेरी रंग होता.

*

मग बापूचा हात कापायला लागला. आधी चहा सांडायचा, मग रेघ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढतच जाणार.

त्या दिवाळीला बाई उभी राहिली, पण पदर, फुलबाजी, हनुवटी, सगळं कापरं. थट्टा करायला कुणाचं तोंड उघडेना. बापू एकेकाकडं बघत होता. शेवटी तोच म्हणाला, "बोला की रं. कशी झालीया?"

सुभेदार उठले. घरी जाऊन तेच कांबळं आणलं आणि बाईच्या खांद्यावर टाकलं.

"थंडीनं कापाय लागलीया बिचारी! पहिल्या सालापास्नं सांगतोय मी!"

बापू एवढा हसला की खुर्चीतनं पडता पडता वाचला. मग तोंड भिंतीकडं करून बसला.

*

यंदा ब्रश हातात ठरलाच नाही. जीभही जड झाली होती. पहिल्या अंघोळीला गेलो तर दारात पांढरा रंग दिलेलं प्लायवूड. कोरं. शेजारी खुर्चीत बापू, मान खाली.

सुभेदार कांबळं घेऊनच आले होते. त्यांनी ते बोर्डावर टाकलं, कोपरा वर करून आत बघितलं आणि डोळ्यांवर हात ठेवला.

"आयला बापू! ह्या वयात? पोलीस येत्यात आता!"

मी डोकावलो. "पदर कुठंय हिचा?"

मागनं कुणीतरी ओरडलं, "आवं, सरका की! आमाला बघू द्या!"

रांग लागली. जो तो डोकावतोय, कपाळावर हात मारतोय. बापूची मान हळूहळू वर आली. ओठाचा एक कोपरा हलला.

तेवढ्यात शालनवहिनी चकल्यांचं ताट घेऊन बाहेर आली. ताट पायरीवर ठेवलं आणि रांगेत उभी राहिली. पाळी आली तशी कांबळं वर करून आत डोकं घातलं. बराच वेळ तशीच उभी, एका जागी.

मग बाहेर आली, पदर सारखा केला आणि बापूकडं वळली.

"आवं, यंदा माझ्यासारखी काढलीसा."